नाणेघाट-जीवधन: 'पॉइंट'च्या नावाने पैसे मोजू नका

जुन्नरला जीप ठरवताना आम्हाला तीन 'पॉइंट' सांगितले: रिव्हर्स वॉटरफॉल, नाणेघाट, नानाचा अंगठा हा कडा. तिन्हींचं भाडं वेगळं. घाटघरच्या पठारावर उतरलो तर तिन्ही जागा एकमेकींपासून चालत काही मिनिटांवर! सरळ लूट आहे ही. 'नाणेघाट, जाऊन येऊन' एवढंच बोला आणि एकच भाडं ठरवा. घाटघरला एसटीही जाते, जुन्नर स्थानकावर वेळ विचारून घ्या.

पैशापेक्षा जास्त राग दुसऱ्याच गोष्टीचा आला. वाऱ्याने उलटं उडणारं पाणी पावसाळ्यात सह्याद्रीच्या कितीतरी कड्यांवर दिसतं. पण 'रिव्हर्स वॉटरफॉल' म्हणून आणलेली माणसं फोटो काढून तिथूनच मागे फिरतात, नाणेघाटाच्या खिंडीत उतरतच नाहीत. घाटाच्या तोंडाशी जकातीचा दगडी रांजण आहे. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपारा बंदरांचा माल याच वाटेने जुन्नर, पैठणकडे चढायचा. जरा खाली सातवाहनांचं लेणं, त्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख. मागच्या भिंतीवरच्या राजघराण्याच्या मूर्ती फुटून गेल्यात, पण वर कोरलेली सिमुक, नायनिका (म्हणजेच नागनिका), सातकर्णी ही नावं अजून आहेत. नाणेघाट म्हणून आलात तरच हे शोधाल. पठारावरच्या फलकांवर हीच नावं ठळक हवीत.

आता शेजारचा जीवधन गड. नुसतं 'जीवधनची वाट' विचारू नका, दरवाजाचं नाव घ्या. नाणेघाटाकडून चढते ती कल्याण दरवाजाची, घाटघरहून जाते ती जुन्नर दरवाजाची. आम्हाला 'सोपी आहे' म्हणून कल्याण दरवाजाकडे धाडलं. सोपी अजिबात नाही. इंग्रजांनी १८१८ मध्ये गडाच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या. शेवटच्या कातळटप्प्यावर कोरलेल्या खोबण्यांत बोटं रुतवून चढावं लागतं, आणि पावसात त्या खोबण्या शेवाळाने भरलेल्या असतात. एकाचा पाय सटकला, दोर होता म्हणून निभावलं. अजून हात दुखतायत. जून ते सप्टेंबर ही वाट धरूच नका. कोरड्या दिवसांतही दोर आणि त्या टप्प्याचा सराव असलेला माणूस सोबत हवा. उतरताना आम्ही जुन्नर दरवाजा धरला, त्यामानाने कितीतरी बरा.

गडावर धान्यकोठी बघा, वानरलिंगी सुळका बघा. पाणी खालूनच भरून न्या. वाटाड्या घाटघरचाच घ्या आणि पैसे थेट त्याच्या हातात द्या. प्रत्येक खिंडीला, टेपाडाला तिथे काय म्हणतात ते त्याला विचारत चला. अंधार पडला, धुकं आलं तर गावकऱ्यांना फोनवरून सांगायला तेच नाव लागेल.