नरकाचं ध्यान आणि त्यानंतरचं बोलणं

३१ जुलै, रात्री

आज जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा सण. ख्रिस्ती श्रद्धेचं मूळ भीतीत की प्रेमात, हा वाद निघाला की दोन्ही बाजू बायबल उघडतात. एक जण नीतिसूत्रं काढतो, परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा प्रारंभ. दुसरा योहानाच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय, पूर्ण प्रीती भीती घालवून देते. यातून काहीच ठरत नाही. त्यापेक्षा माणसाला प्रत्यक्ष काय करायला सांगितलंय ते बघावं. इग्नेशियस यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या पुस्तकात ते तासातासाने लिहिलेलं आहे. १५४८ साली पोप तिसरे पॉल यांनी त्याला मान्यता दिली.

साधना साधारण तीस दिवसांची, चार ‘आठवड्यां’त विभागलेली. पहिला आठवडा पापाचा. दिवसाला पाच ध्यानं, प्रत्येक पूर्ण एक तास. पहिलं मध्यरात्री, पाचवं रात्रीच्या जेवणाआधी, आणि हे पाचवं म्हणजे नरक. खोलीची दारं-खिडक्या बंद, वाचायला किंवा जेवायला लागेल तेवढाच उजेड, हसणं बंद. आधी नरकाची लांबी, रुंदी, खोली डोळ्यांपुढे आणायची. मग पाच इंद्रियं एकेक करून: ज्वाळा पाहायच्या, आक्रोश ऐकायचा, धूर आणि गंधकाचा वास घ्यायचा, अश्रूंचा कडवटपणा चाखायचा, आग अंगाला लागू द्यायची. घाबरवण्याची इतकी शिस्तबद्ध रीत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

पण या ध्यानाच्या सुरुवातीला जे मागायचं असतं ते नीट वाचावं. नरकवासीयांच्या यातनांची जाणीव मागायची, ती कशासाठी? माझ्या दोषांमुळे मला प्रभूच्या प्रेमाचा विसर पडलाच, तर निदान शिक्षेच्या भीतीने तरी मी पापात पडू नये, यासाठी. म्हणजे प्रेम आधीपासून धरून चाललेलं आहे. ते सुटलं तर भीती. आणि शेवटी ख्रिस्ताशी बोलायचं असतं ते आभाराचं: आजवर मला तिथे पडू दिलं नाहीस, माझ्यावर इतकी दया ठेवलीस. मग ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणून उठायचं.

गडबड होते ती इथेच. तीस दिवसांचा ऐवज तीन दिवसांच्या तपसाधनेत कोंबला की गंधक आणि ज्वाळा राहतात, कारण त्या रंगवून सांगता येतात. सुरुवातीचं मागणं घाईत उरकलं जातं आणि शेवटचं बोलणं घंटा झाल्यामुळे सुटतं. ऐकणारा माणूस मधोमध सोडून दिल्यासारखा घरी जातो. यात पुस्तकाचा दोष कमी, कापाकापीचा जास्त.

इग्नेशियस यांना प्रेमाचे प्रवक्ते करून टाकणंही मला पटत नाही. साधनेच्या पायाभूत परिच्छेदात माणूस देवाची स्तुती, आदर आणि सेवा करण्यासाठी निर्माण झाला असं म्हटलंय. प्रेम हा शब्द तिथे नाही. ख्रिस्ताशी बोलावं कसं, तर मित्र मित्राशी बोलतो तसं, किंवा चाकर धन्याशी बोलतो तसं. दोन्ही एकाच वाक्यात. पुस्तकातल्या अगदी शेवटच्या नियमातही ते म्हणतात की माणसाला याहून चांगलं काही साधत नसेल तर शिक्षेची भीतीसुद्धा त्याला मोठ्या पापातून बाहेर काढायला फार उपयोगी पडते. एकदा बाहेर आला की लेकराला बापाविषयी वाटावी तशा भीतीपर्यंत तो सहज पोचतो.

त्रेंतच्या परिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या सभेने, १५५१ मध्ये हेच कायद्याच्या भाषेत मांडलं. देवावरच्या प्रेमापोटी झालेला पश्चात्ताप पूर्ण. नरकाच्या भयाने किंवा पापाच्या किळसेने झालेला अपूर्ण, पण तोही देवाचंच देणं, आणि पापनिवेदन संस्कारात (फादरांपुढे पापं कबूल करताना) क्षमा मिळण्यासाठी माणसाला तयार करणारा. मात्र पाप सोडायची इच्छा हवी. अपूर्ण पश्चात्तापात थोडं तरी प्रेम लागतं की नाही, यावर पुढे धर्मपंडित इतके भांडले की १६६७ मध्ये पोप सातवे अलेक्झांडर यांनी एकमेकांवर ठपके ठेवायला बंदी घातली. प्रश्नाचा निकाल मात्र दिला नाही. प्रोटेस्टंट सुधारक लूथर यांच्या १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत (धर्मशिक्षणाच्या पुस्तिकेत) तर दहा आज्ञांचे अर्थ ‘देवाचं भय बाळगावं आणि त्याच्यावर प्रीती करावी’ असेच सुरू होतात. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट, दोन्ही पंथांना भीती-प्रेमाची जोडी सोडवली नाही.

रोजच्या सरावात याची परीक्षा होते ती आत्मपरीक्षणात. त्याच्या पाच पायऱ्या: मिळालेल्याबद्दल आभार, पाप ओळखण्याची कृपा मागणं, उठल्यापासून आतापर्यंत तासातासाचा हिशेब (आधी विचार, मग बोलणं, मग कृती), क्षमायाचना, सुधारण्याचा निश्चय. बहुतेक जण पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर उतरतात. मग परीक्षणाचा पंचनामा होतो आणि काही दिवसांत माणूस ते टाळायलाच लागतो. आभाराला निदान दोन-तीन मिनिटं द्यावीत, आणि ‘सगळ्यासाठी’ न म्हणता आजच्या दिवसातली गोष्ट नाव घेऊन सांगावी.

एकाच दोषामागे लागायचं असेल तर वेगळी वही. दिवसाला दोन ओळी, एक दुपारच्या जेवणानंतरची, दुसरी रात्रीची; जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके. आठवडाभर ओळी दिवसागणिक आखूड काढायच्या, कारण ठिपके कमी होतील ही अपेक्षा. तुलना कालच्या ओळीशी, गेल्या आठवड्याशी. शेजाऱ्याशी नाही.

हळव्या मनाच्या, जिथे तिथे आपलं पाप दिसणाऱ्या माणसाला मात्र ही वही देऊ नये. इग्नेशियस स्वतः १५२२ मध्ये स्पेनमधल्या मानरेसा गावी या दुखण्याने जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत पोचले होते. आधी जवळच्या मोंसेरातच्या मठात तीन दिवस लेखी पापनिवेदन झालेलं, तरी काहीतरी राहिलं असेल म्हणून पुन्हा पुन्हा तेच. फादरांनी सांगितलं, अगदी स्पष्ट असेल तेवढंच मागचं सांग. यांना सगळंच स्पष्ट वाटायचं. आठवडाभर अन्नपाणी सोडूनही सुटका झाली नाही. शेवटी जुनी पापं परत सांगायचीच नाहीत असं ठरवलं, तेव्हा ते मोकळे झाले. म्हणूनच पुस्तकात पुढे सल्ला आहे: सैतान निबर मनाला आणखी निबर करतो, हळव्याला आणखी हळवं, तेव्हा तो ओढेल त्याच्या उलट दिशेला जावं. व्यवहारात याचा अर्थ एकच फादर धरावेत, ते पुरे म्हणाले की पुरे, आणि क्षमा झालेलं पाप दुसऱ्या फादरांकडे पुन्हा नेऊ नये. आत्मपरीक्षण पाव तासात संपवावं, आणि त्यातला निम्मा वेळ पहिल्या पायरीला द्यावा.