ठशातले एक अक्षर

हातघडणीच्या सुऱ्यांची पुनर्विक्रीसाठी किंमत ठरवण्याचे काम मी बरीच वर्षे करतो आहे. तरी त्या दिवशी टेबलावर आलेली एक सुरी पाहून काही क्षण मला बोलणेच सुचले नाही.

एक गृहस्थ दिवंगत वडिलांच्या संग्रहातील पाच सुऱ्या घेऊन आले होते. त्यांतल्या दोन घडीच्या सुऱ्यांच्या कारागिराकडे एके काळी नाव नोंदवून दीर्घकाळ थांबावे लागे, आणि थांबण्याची तयारी नसलेले लोक मूळ किमतीहून बरेच अधिक मोजत. ती रांग ओसरली, तशी ही जादा किंमतही ओसरली होती. तिसरीची मूठ हस्तिदंताची होती. आफ्रिकी हत्तीच्या दंताचा आंतरराष्ट्रीय व्यापार १९९० पासून बंद असल्यामुळे कागदपत्रांशिवाय अशी वस्तू मी विक्रीला घेत नाही. चौथी वर्षानुवर्षे चामड्याच्या म्यानात राहून पितळेवर हिरवा थर आणि पात्यावर गंजाचे खड्डे घेऊन आली होती.

पाचवी सुरी दमास्कस पोलादाची, म्हणजे दोन पोलादांचे थर एकत्र घडवून पात्यावर नक्षी उठवलेली होती. कारागीर विल्यम मोरान यांनी १९७३ मध्ये अमेरिकेतील नाइफमेकर्स गिल्डच्या प्रदर्शनात या पोलादाच्या सुऱ्या मांडल्या, तेव्हापासून संग्राहकांना त्याची जी ओढ लागली ती आजही टिकून आहे. या पात्यावर मात्र नक्षीचा मागमूस नव्हता. ते आरशासारखे चकाकत होते.

"तुमच्याकडे आणायची म्हणून कालच पट्ट्यावर घासून बफ करून घेतली," ते समाधानाने म्हणाले.

नक्षीची मला फारशी चिंता नव्हती. ती थरांतच असते, आणि दोन पोलादांवर आम्लाचा परिणाम वेगवेगळा होत असल्याने जाणत्या हाताला ती पुन्हा उठवता येते. पण पात्याच्या उताराची जी कड कारागिराने रेघेसारखी काटेकोर राखली असणार, ती आता बोटाला गोल लागत होती. भिंगाखाली पात्यावरचा कारागिराचा ठसा पाहिला. नाव पुसट, पण वाचता येत होते. त्यापुढच्या दोन अक्षरांपैकी 'एस' शिल्लक होते आणि त्याआधीचे नाहीसे झाले होते. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी या पाती घडवणाऱ्यांच्या संघटनेचे कारागीर जर्नीमन, म्हणजे मास्टरच्या खालच्या दर्जाचे, असताना 'जेएस' आणि मास्टर झाल्यावर 'एमएस' असा ठसा मारतात. या कारागिराच्या सुरुवातीच्या कामाला विशेष मागणी असल्याने सगळा प्रश्न त्या एका अक्षराचा होता.

मी विचारले, "वडिलांनी काही पत्र, पावती जपून ठेवली होती का?" ते घरी गेले आणि संध्याकाळी एक पाकीट घेऊन परतले. त्यात कारागिराच्या हातचे, तारीख घातलेले पत्र होते. पात्याची लांबी, मुठीचे लाकूड, मुठीवरच्या खिळ्यांची संख्या, सारे जुळले. तारखेवरून सुरी जर्नीमनच्या काळातली ठरली.

"मग ते अक्षर पुन्हा मारून घेऊ या का?" त्यांनी विचारले. मी ठाम नकार दिला. कडक केलेल्या पात्यावर ठसा नीट बसत नाही, आणि नंतर घातलेले अक्षर दिसले की खरेदीदार पत्रावरही शंका घेतो. चौथ्या सुरीच्या गंजाला हात लावू नका, असेही त्यांना बजावले. मग नोंदवहीत लिहिले: पाते बफ केलेले, कडा गोल, ठशातले एक अक्षर नाही, कारागिराचे पत्र सोबत. ती नोंद वाचून त्यांनी खाली सही केली आणि पत्र पुन्हा त्याच पाकिटात घातले.