तुम्ही विचारलंत म्हणून: करप्याचं औषध बुरशीत नेमकं काय अडवतं?

नागपुरात धानाचा हंगाम लागला की हा प्रश्न येतोच: आयसोप्रोथायोलेन या बुरशीनाशकाने करपा, म्हणजे धानावरचा बुरशीचा रोग, मरतो कसा? "बुरशीला फॉस्फोलिपिड बनवू देत नाही," असं सांगितलं की लगेच, "म्हणजे चरबी ना?" अहो, नाही. साठवलेली चरबी वेगळी. फॉस्फोलिपिड हा पेशीपटलाचा माल आहे; तो नसेल तर बुरशीचा तंतू वाढणार कशावर?

सुरुवातीचे टप्पे भराभर सांगतो. फॉस्फॅटिडिक आम्लापासून सीडीपी-डायअ‍ॅसिलग्लिसरॉल, त्याला सेरीन जोडून फॉस्फॅटिडिलसेरीन, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघाला की फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमीन. खरी मेख पुढे आहे. या रेणूच्या नायट्रोजनवर एकामागून एक तीन मिथाइल गट चढतात, तिन्ही एस-अ‍ॅडेनोसिलमिथिओनीन या मिथाइल पुरवणाऱ्या रेणूकडून येतात, तेव्हा कुठे फॉस्फॅटिडिलकोलीन, म्हणजे पटलाचं एक मुख्य फॉस्फोलिपिड, तयार होतं. यीस्टमध्ये पहिला मिथाइल चढवणारं विकर वेगळं, उरलेल्या दोघांचं वेगळं. किटाझिन (करप्यावरचंच दुसरं बुरशीनाशक) आणि आयसोप्रोथायोलेन घाव घालतात तो या मिथाइल चढण्यावर. धान मात्र पहिला मिथाइल मेदाला जोडण्याआधीच, फॉस्फोइथेनॉलअमीनवर चढवतं.

बुरशीकडे दुसरी वाटही आहे: आयतं कोलीन मिळालं तर सीडीपी-कोलीनमार्गे तोच माल बनतो. पानात कोलीन असतंच, मग एक वाट अडवून भागतं कसं? हा आक्षेप मी स्वतःवरच घेतो आणि तो पुरता मिटत नाही. पण म्हणूनच बटाट्याच्या अगारवर (प्रयोगशाळेत बुरशी वाढवायचं माध्यम) चाचणी घेऊन "औषध कमजोर निघालं" म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. बटाट्यात कोलीन आहे, यीस्टच्या अर्कातही आहे. माध्यम कोलीनविरहित, संश्लेषित घ्या. त्यात थायमीन आणि बायोटिन घालायला विसरू नका, ही बुरशी दोन्ही स्वतः बनवत नाही. ते राहिलं तर बिनऔषधाच्या प्लेटमध्येही ती वाढत नाही आणि तुलनाच उरत नाही.

"ट्रायसायक्लाझोल आहे की!" हे करप्यावरचं आणखी एक औषध आहे खरं, पण ते मेलॅनिन अडवतं, म्हणजे पानात घुसायला बुरशीला लागणारं काळं रंगद्रव्य बनू देत नाही, आणि तिला पानात शिरूच देत नाही. ती आत शिरल्यावर त्याचा उपयोग फारसा नाही. त्यामुळे ते आधी फवारायचं. आयसोप्रोथायोलेन ४० टक्के ईसी (पाण्यात मिसळायचं द्रावण) लिटरला दीड मिली घेतात, ते आत वाढणाऱ्या तंतूवरही चालतं. मौदा-रामटेककडे एक फवारणी किटाझिनची, पुढची आयसोप्रोथायोलेनची करून "औषध बदललं" म्हणतात. ते बदलत नाही. फ्रॅकच्या (बुरशीनाशकांचे कार्यपद्धतीनुसार गट पाडणारी संस्था) यादीत दोन्ही ६ क्रमांकाच्या एकाच गटात आहेत, आणि एकाला दाद न देणारी बुरशी दुसऱ्यालाही जुमानत नाही.