तीन स्प्रिंगा आणि नानांचे कान

मागच्या महिन्यात आमच्या सोलापुरात सात रस्त्याच्या सिग्नलला माझी स्कूटर उभी होती. मी ब्रेक सोडला आणि एक्सलेटरला हात न लावता गाडी आपली आपण पुढे सरकायला लागली, थेट पुढच्या रिक्षावर. रिक्षावाल्यानं मान वळवून बघितलं. "लई घाई हाय का मालक?" म्हणाला. मी ओशाळून ब्रेक दाबून धरला, तर सगळी गाडी खालून थरथरायला लागली, थंडी भरलेल्या म्हाताऱ्यासारखी.

काय झालंय ते मला तिथंच कळलं. कारण ते मीच करून ठेवलं होतं.

गाडी ११० सीसीची, २०१६ ला घेतलेली. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे, रोजचं येणं-जाणं हिच्यावरच. इंजिनाचा जोर चाकाला जोडतो तो क्लच, त्यातल्या कंपनीच्या स्प्रिंगा होत्या तशा अडतीस हजार किलोमीटर मुकाट चालल्या. मग २०२२ मध्ये आमच्या खात्यातल्या एका पोरानं त्याच्या गाडीत जास्त ताठ लाल स्प्रिंगा टाकल्या. सिग्नल सुटला की गाडी अशी उसळायची की मागं बसणाऱ्याचा डबा पडावा. "काय बे, म्हाताऱ्यासारखी चालवतोस," असं तो एकदा म्हणाला, आणि त्याच रात्री मी ऑनलाइन ऑर्डर टाकली. वय वर्षे त्रेचाळीस. असो.

पाकिटात तीन लाल स्प्रिंगा आणि वर आकडा, १५००. मला वाटलं गाडी पंधराशे आरपीएमला, म्हणजे मिनिटाला पंधराशे फेऱ्यांना सुटणार. नंतर डोक्यात आलं, आपली गाडी नुसती उभी असतानाच सतराशेवर धडधडते, म्हणजे त्या हिशोबानं ती कधी थांबलीच नसती. तो आकडा म्हणजे बनवणाऱ्यानं स्प्रिंगेच्या ताठरपणाला दिलेलं नाव, एवढंच. रंगाचंही तसंच, एकाचा लाल तो दुसऱ्याचा पिवळा असू शकतो. शिवाय क्लच बसतो मागच्या पुलीवर. इंजिनाकडची पुढची पुली आणि ही मागची, दोन्हींवरून एक बेल्ट फिरतो. गाडी निघताना तो पुढं लहान घेरावर आणि मागं मोठ्या घेरावर असतो, त्यामुळं इंजिन जेवढं फिरतं त्याच्या निम्म्याहून कमी मागची पुली फिरते. इंजिनाचे आरपीएम आणि क्लचचे आरपीएम या दोन वेगळ्या गोष्टी.

ज्यांनी हा डबा कधी उघडलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पुलीवर तीन क्लच शू असतात आणि तीन छोट्या स्प्रिंगा त्यांना एकमेकांशी आवळून धरतात. पुली जोरात फिरली की शू बाहेर फेकले जातात, भोवतालच्या बेलला, म्हणजे वाटीसारख्या ड्रमला चिकटतात आणि चाक फिरतं. स्प्रिंग ताठ असेल तर शू उशिरा सुटणार, तोवर इंजिन वर चढलेलं असणार, आणि तुम्हाला वाटणार गाडीला पिकअप आला.

ताकद मात्र एका पैशानं वाढलेली नसते.

प्लगच्या वायरीला गुंडाळायचा एक छोटा आरपीएम मीटर माझ्याकडे आहे. जुन्या स्प्रिंगांवर गाडी साधारण २९०० ला हलायची, लाल स्प्रिंगांवर ३७०० ला. आता शूला बाहेर फेकणारा जोर आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो. हजारात धरून वर्ग केला तर २९०० चे ८.४१ आणि ३७०० चे १३.६९. म्हणजे लाल स्प्रिंग शूला दीडपटीहून जास्त जोरानं आत ओढत होती. आता इंजिन ४००० वर आहे असं धरा. बाहेरचा जोर १६. त्यातून स्प्रिंगेचा वाटा वजा केला तर जुन्या स्प्रिंगेवर बेलला धरायला ७.५९ उरतात आणि लालवर २.३१. पकड तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! हा हिशोब मी स्प्रिंगा बसवायच्या आधी करायला हवा होता. केला दोन वर्षांनी, टॉवेलच्या पॅकिंगच्या पुठ्ठ्यावर.

मोकळ्या होटगी रोडवर हे काही जाणवत नाही, मूठ पिळली की सगळं चिकटतं. पण माझी गाडी काय रोज होटगी रोडवर पळत नाही. ती नवी पेठेत मुंगीच्या पावलानं चालते, कन्ना चौकात हातगाडीच्या मागं रांगते. अर्धवट एक्सलेटरवर शू धड चिकटत नाहीत, धड सुटत नाहीत. नुसते घासतात. घासलं की उष्णता, आणि आपल्याकडं मे महिन्यात बाहेरच बेचाळीस-त्रेचाळीस अंश असतं, तिथं त्या बंद डब्यात काय होत असेल!

गड्ड्याच्या जत्रेत पहिली सूचना मिळाली होती. होम मैदानाच्या बाजूनं बायको आणि पोरीला घेऊन गर्दीतून चाललो होतो. बायको म्हणाली, "काहीतरी करपतंय." मी म्हटलं भजीवाल्याचं तेल असेल. "तेलाचा वास मला शिकवू नका," म्हणाली. मी तरीही ऐकलं नाही.

तर सिग्नलच्या प्रकारानंतर रविवारी अंगणात गाडी घेतली. किकच्या बाजूचं कव्हर काढलं. त्याचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून ज्या जागेचा बोल्ट त्या जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवावा. आतली काळी भुकटी एअर मारून उडवायची नाही, नाकात जाते, ओल्या फडक्यानं पुसायची. बेल काढली तर आतून निळे-तपकिरी डाग. शूचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत. आणि एका स्प्रिंगेच्या टोकाचा आकडा, म्हणजे हूकच तुटलेला. मोडलेला तुकडा बेलमध्ये खुळखुळत होता. स्प्रिंग गेल्यावर शूला आवरणारं कोण? गाडी नुसती उभी धडधडत असतानाही तो बेलला घासत होता आणि गाडी सरकत होती.

बाकीच्या दोन मला चांगल्या दिसल्या. एकच बदलून टाकू, असं मनात आलं.

ओट्यावर नाना बसले होते. आमच्या घरी वडिलांना नानाच म्हणतात, घरात तेलुगू आणि मराठी एकाच ताटात असते. त्यांनी पस्तीस वर्षं पॉवरलूमवर जॉबरचं, म्हणजे माग दुरुस्तीचं काम केलं. मागाच्या खडखडाटानं कानांचं पार वाटोळं झालंय, टीव्ही मोठ्यानं लागतो. "आण इकडं," म्हणाले. मी लाल स्प्रिंग हातात दिली. त्यांनी ती हातभर उंचीवरून शहाबादी फरशीवर सोडली. टिण्ण. दुसरी सोडली, तीही टिण्ण. मग म्हणाले, "नवी आण."

कोपऱ्यावरच्या दुकानातून कंपनीचा तिघांचा संच आणला, फार महाग नसतो. नानांनी नवी सोडली. टप्. जणू फरशीवर लाकडाचा तुकडा पडला.

"वेढे गच्च असले की आवाज मरतो. सैल झाले की वाजतात," एवढंच बोलले आणि चष्मा पुसायला लागले.

नंतर मी कारखान्यातला व्हर्नियर लावून बघितला. तीन नव्या एकसारख्या. लालमधली एक दीड मिलिमीटरनं ताणलेली, दुसरी जवळजवळ दोन. उजेडासमोर धरली तर वेढ्यांतून उजेड दिसत होता. आकड्याची तार शूच्या भोकात घासून घासून पातळ. म्हणजे दोघीही वाटेवरच होत्या. एक नवी आणि दोन ढिल्या बसवल्या असत्या तर तिन्ही शू एकाच वेळी सुटले नसते, आणि थरथर तशीच. बसवायच्या तर तिन्ही एकदम, यात मला आता शंका नाही.

बसवताना मधला मोठा नट उघडायला गेलो नाही. त्याच्यामागं कॉन्ट्रा स्प्रिंग नावाची मोठी स्प्रिंग दाबलेली असते, ती उसळली तर तोंड फोडते. ई-क्लिपा काढून, नोज प्लायरनं आकडे एकेक करून ओढले. एक क्लिप उडाली ती तुळशीत सापडली. शूवर पॉलिश पेपर फिरवला, बेल पण आतून घासून पुसून घेतली. बोटानं चाचपली, कड लागली नाही म्हणून तीच परत बसवली.

मीटरवर आता पुन्हा २९०० च्या आसपास. लाल स्प्रिंगा चौदा हजार किलोमीटर टिकल्या, ते पण मोडत मोडत.

उरलेल्या दोन पोरीनं खेळायला नेल्या. आता दिवसभर घरात त्या फरशीवर पडतात, टिण्ण टिण्ण, आणि टीव्हीचा आवाज कमी कर म्हटलं तर ज्यांना ऐकू जात नाही ते नाना आतून ओरडतात, "त्या ढिल्या स्प्रिंगा फेकून दे रे आधी!"