कोरड्या डोळ्यांचे थेंब: नावापेक्षा मागची चौकट वाचा

अमेरिकेत, मिनेसोटात नोव्हेंबर लागला की घरोघरी हीटिंग सुरू होतं ते एप्रिलपर्यंत. बाहेर उणे वीस, आत झरोक्यांतून येणारी गरम, कोरडी हवा आणि समोर दिवसभर लॅपटॉप. स्क्रीनकडे टक लावली की पापण्यांची उघडझाप कमी होते. संध्याकाळपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायला लागतं. इथल्या आपल्या मंडळींत ही तक्रार अगदी सर्रास ऐकू येते.

कृत्रिम अश्रूंचे थेंब इथे चिठ्ठीशिवाय मिळतात. दुकानात त्यांचं अख्खं कपाट असतं, आणि 'अल्ट्रा', 'कम्प्लीट', 'ॲडव्हान्स्ड' अशा नावांनी माणूस गांगरतो. खोक्याच्या मागे 'ड्रग फॅक्ट्स'ची, म्हणजे औषधातल्या घटकांच्या माहितीची चौकट असते, ती वाचावी. 'रिफ्रेश टिअर्स'मध्ये ०.५ टक्के कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज, म्हणजे डोळा ओला ठेवणारा घटक असतो. पुण्यात केमिस्टकडे मिळतात तेच हे थेंब. 'सिस्टेन अल्ट्रा'मध्ये पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल, जोडीला डोळ्यात गेल्यावर किंचित घट्ट होणारा एक प्रकारचा गवार गम. कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोजचंच १ टक्क्याचं जेल जास्त वेळ टिकतं, पण थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून ते झोपताना घालावं. पेट्रोलॅटमचं, म्हणजे व्हॅसलीनसारखं मलम तर रात्रीच. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१६च्या आढाव्यात अशा थेंबांच्या ४३ चाचण्या तपासल्या गेल्या. थेंबांनी आराम पडतो, पण अमुक एक बाकीच्यांपेक्षा सरस, असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा हाती आला नाही. त्यामुळे केवळ नावासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरा फरक पडतो तो प्रिझर्व्हेटिव्हने, म्हणजे बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेल्या रसायनाने. त्यातलंच एक, बेन्झाल्कोनियम क्लोराइड, वारंवार डोळ्यात गेलं तर बुबुळावरच्या नाजूक पेशींना त्रास देतं, म्हणजे ज्यासाठी थेंब घालायचे तेच बिघडतं. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा थेंब लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या छोट्या कुप्या घ्याव्यात. कुपीचं टोक पिरगळून तोडायचं, खालची पापणी हलकेच ओढून एकच थेंब घालायचा. दुसरा गालावरच ओघळतो. मग मिनिटभर डोळे मिटून बसायचं. एकदा वापरायच्या कुपीत उरलेलं औषध जपून ठेवू नये. आपल्याला टाकवत नाही, पण टाकावं.

ही काळजी उगाच नाही. २०२३मध्ये चेन्नईत बनलेले, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या बाटलीतले थेंब इथे परत मागवले गेले. त्या प्रकरणात स्यूडोमोनास जिवाणूच्या संसर्गाचे ८१ रुग्ण सापडले, १४ जणांची दृष्टी गेली, ४ जण दगावले. तेव्हापासून कोणतेही थेंब घेताना आधी रिकॉल-यादी, म्हणजे परत मागवलेल्या औषधांची यादी बघायची, हा नियम मी पाळते.

आणि थेंबांनी भागतच नसेल तर? अश्रूंच्या वर तेलाचा एक पातळ थर असतो, तो पापण्यांच्या कडेच्या ग्रंथींतून येतो. त्या तुंबल्या की अश्रू भराभर उडून जातात आणि नुसते पाण्यासारखे थेंब पुरे पडत नाहीत. डॉक्टर डोळ्यात पिवळा-नारिंगी रंग घालून निळ्या प्रकाशात बघतात. पापण्या न मिटता बसायचं. हिरवट चमकणाऱ्या त्या थरात काळे ठिपके दिसेपर्यंत सेकंद मोजतात. दहाच्या आत ठिपके उमटले तर थर टिकत नाही असं समजतात. अशा डोळ्यांना तेलाचा अंश असलेले थेंब बरे, आणि रोज दहा मिनिटं मिटलेल्या पापण्यांवर कोमट ओल्या कापडाचा शेक. लाली घालवणारे थेंब मात्र यासाठी नव्हेत. ते रक्तवाहिन्या आकसवतात, आणि रोज वापरले की लाली उलटून येते.

थंडीत आई-बाबा इकडे येणार असतील, तर त्यांच्या इतर औषधांकडेही बघा. सर्दी-ॲलर्जीच्या बऱ्याच गोळ्यांनी डोळे आणखी कोरडे पडतात. काचबिंदूचे थेंब चालू असतील तर ते आणि हे यांत किमान पाच मिनिटांचं अंतर ठेवा. अनेक काचबिंदूच्या थेंबांतही तेच बेन्झाल्कोनियम असतं, ते त्यांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वीच विचारून घ्या. डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा दिसणं कमी झालं, तर थेंबांवर दिवस काढू नका, त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.