कात्रज ते नागझरी : पुण्याच्या जुन्या पाण्यामागोमाग

कात्रजच्या तळ्याचं पाणी पेशवाईत जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत यायचं, ही गोष्ट पुण्यात वाढलेल्या बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. त्या पाण्याच्या वाटेने स्वतः जाऊन पाहिलेली माणसं मात्र फारशी भेटत नाहीत. पुण्यात 'वेगळं काहीतरी' बघायचं म्हटलं की लोक सुट्या सुट्या ठिकाणांची यादी करतात: एक लेणं, एक वाडा, एक संग्रहालय. मला त्यापेक्षा एखादं सूत्र धरून शहरातून जायला आवडतं. यावेळी सूत्र होतं पाण्याचं. सोबत भाची होती. ती आर्किटेक्चरला आहे, त्यामुळे दगड, चुना, उतार याबद्दल तिला विचारता येत होतं, आणि कुठल्या पेठेत काय हे ती मला विचारत होती.

सुरुवात कात्रजला करा, तीही सकाळी लवकर. स्वारगेटहून कात्रजला पीएमपीच्या बस सतत असतात. स्वतःची गाडी शक्यतो नेऊच नका, कारण शेवट सोमवार पेठेत होतो आणि तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास सहज जातो.

कात्रजला दोन तळी आहेत, एक वरचं आणि एक खालचं. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यात इथे ओढा अडवला. पाणी एका तळ्यातून दुसऱ्यात येताना गाळ खाली बसायचा आणि बऱ्यापैकी निवळलेलं पाणी दगडी नळात शिरायचं. नळ म्हणजे पाइप समजू नका. चुन्यात बांधलेलं, आतून माणूस जाऊ शकेल एवढं भुयारच ते. पंप नाही, यंत्र नाही, सगळं काम फक्त उताराचं. भाची तळ्याच्या बांधावर उभी राहून म्हणाली, "मावशी, एवढ्या लांबवर एकसारखा उतार राखायचा म्हणजे मोजणी किती काटेकोर असेल!" त्या बांधावर उभं राहिलं की हा प्रश्न मनात येतोच, आणि म्हणूनच ही भटकंती शनिवारवाड्यापासून न करता इथून करावी. खालच्या तळ्याला लागून राजीव गांधी प्राणिसंग्रहालय आहे. मुलं बरोबर असतील तर तेही होईल, पण ते बुधवारी बंद असतं.

नळाच्या वाटेवर ठरावीक अंतराने दगडी उच्छ्वास बांधलेले होते. आत कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि साफसफाईला माणूस उतरवता यावा, ही त्यांची कामं. कात्रज ते स्वारगेट या पट्ट्यात काही उच्छ्वास अजून उभे आहेत, पण दुकानांच्या, पार्किंगच्या गर्दीत ते धुराड्यासारखे एखाद्या कोपऱ्यात दिसतात आणि बसमधून डोळ्यांना लागत नाहीत. या भागातलं कुणी जुनं माणूस ओळखीचं असेल तर त्यांना आधी फोन करून विचारून ठेवा. पर्वतीपासून शनिवारवाड्यापर्यंत भुयार आहे, त्यातून पेशवे घोड्यावरून जायचे, असल्या गोष्टी आम्ही शाळेत एकमेकांना सांगायचो. त्या गोष्टींच्या मुळाशी हा नळच असणार, असं मला वाटतं.

तिथून सारसबागेत आलो. रोज हजारो लोक जातात तिथे वेगळं काय, असं वाटेल. पण गणपतीचं दर्शन झालं की एकदा कठड्याशी थांबून चारी बाजूंना बघा. देऊळ उंचवट्यावर, भोवतीची बाग खोलगट, आणि मागे पर्वती. ही सगळी खोलगट जागा म्हणजे तळं होतं. आंबील ओढ्याचं पाणी अडवून नानासाहेबांनीच ते करवलं, मधल्या बेटावर बाग झाली आणि १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात तिथे गणपती बसला. 'तळ्यातला गणपती' असं जुनी माणसं अजून म्हणतात. ओढ्याची मूळ वाट पूर्वी गावातूनच होती. ती पश्चिमेकडे वळवली म्हणून पुढच्या पेठा वसवता आल्या. हाच ओढा कात्रजकडून येतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री त्याला पूर आला तेव्हा अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी या भागात माणसं वाहून गेली. ओढ्याची जागा ओढ्यालाच ठेवली पाहिजे, हे मला इथे उभं राहून फार तीव्रतेने जाणवतं. नकाशावरची निळी रेघ बारीक झाली म्हणून पाऊस काही बारीक पडत नाही.

सारसबागेहून रिक्षाने गंज पेठेत, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेत गेलो. जोतीराव आणि सावित्रीबाई यांचा वाडा इथे आहे. आवारात जोतीरावांची समाधी, तुळशीवृंदावन, आणि आम्ही जिच्यासाठी आलो ती विहीर. पेशव्यांचं पाणी गावात आलं खरं, पण ते कुणाच्या घागरीत पडायचं आणि कुणाला लांब उभं राहून ओंजळ पुढे करावी लागायची, हा प्रश्न तसाच होता. १८६८ मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचं पाणी अस्पृश्यांसाठी खुलं केलं. वाडा लहान आहे, पण घाईने बघू नका. आम्ही गेलो तेव्हा शाळेची एक सहल आली होती आणि त्यांच्या बाई मुलांना विहिरीपाशी उभं करून तेच सांगत होत्या. नुसती भिंत बघण्यापेक्षा ते ऐकणं मोलाचं होतं.

तिथून पायी जाण्याजोग्या अंतरावर, गुरुवार पेठेत, पंच हौद मिशनचं पवित्र नाम देवालय आहे. पाच हौदांवरून त्या जागेला हे नाव पडलं. १८८५ चं हे चर्च आणि शेजारी सुटा उभा असलेला उंच घंटामनोरा बघितला की पेठेत आहोत हे क्षणभर खरं वाटत नाही. १८९० साली इथेच एका व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं पुढे आली. हजर असलेल्यांत टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. गोपाळराव जोशांनी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंच्या यजमानांनी, मंडळींची नावं छापून आणली आणि पुण्यात ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, उभं राहिलं. मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतला म्हणून शेवटी प्रायश्चित्तापर्यंत पाळी आली. फुले वाड्यातली विहीर आणि हा चहा, दोन्ही एकाच दुपारी, चालण्याच्या अंतरात बघायला मिळतात. माझ्या मते ही जोडी कुठल्याही टूर कंपनीच्या फेरीत असायला हवी. आत जायचं तर फाटकावर विचारून जा. रविवारी सकाळी उपासना असते, त्या वेळी बघे म्हणून जाऊ नये.

दुपारी मंडईच्या बाजूला आलो. पोटपूजा इथेच उरकून घ्या, पुढे निवांत बसायला जागा कमी. मंडईची १८८६ ची अष्टकोनी इमारत आहेच. फळं घ्या, मधल्या मनोऱ्याखाली उभं राहून वर बघा आणि पुढे निघा.

आता जे सांगते ते या दिवसातलं मला सगळ्यात जवळचं ठिकाण. बुधवार पेठेत फरासखान्याजवळ बाहुलीचा हौद. डॉ. विश्राम रामजी घोले हे नामांकित शल्यचिकित्सक, फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. शिवाजीनगरचा घोले रोड त्यांच्याच नावाचा. त्यांनी आपल्या काशीबाई या लहान मुलीला शिकवायला घेतलं. तिला लाडाने बाहुली म्हणत. मुलीला शिकवणं भोवतालच्यांना खपलं नाही, आणि खाण्यातून काचा घालून तिला मारण्यात आलं असं सांगतात. जेमतेम आठ-नऊ वर्षांची पोर. घोल्यांनी तिच्या आठवणीसाठी पाण्याचा हौद बांधला आणि तो सगळ्या जातींना खुला ठेवला. ज्या गावाने मुलगी नेली त्या गावाला या बापाने पाणी दिलं, तेही जात न विचारता. भाचीला हे सांगताना माझा आवाज नीट राहिला नाही.

तिथे गर्दी प्रचंड असते. हातगाड्या, दुचाक्या, हॉर्न. 'इथे काय आहे बघण्यासारखं' असं विचारलंत तर बरेच जण मान हलवतील, 'बाहुलीचा हौद' असं नाव घेऊन विचारलं तर एखादे आजोबा नक्की सांगतील. दुपारी दोन ते चारच्या मधली वेळ त्यातल्या त्यात बरी, दुकानं जरा सुस्तावलेली असतात.

शनिवारवाड्याबद्दल कमीच लिहिते. तिकीट काढून आत गेलात तर नारायणरावांच्या गोष्टी ऐकण्यापेक्षा हजारी कारंजं शोधा. सोळा पाकळ्यांचं कमळ आहे ते. आज कात्रजला बघितलेलं पाणी इथवर येऊन उडायचं हे डोळ्यांपुढे आणा, म्हणजे सकाळपासूनच्या पायपिटीचा धागा हाताला लागतो.

वाड्याच्या बाहेर पडून कसब्याकडे वळलं की चौकांची नावंच वाट दाखवतात: फडके हौद, साततोटी. वाड्याकडे येणाऱ्या नळाला फाटे काढून ठिकठिकाणी असे हौद भरले जायचे. काळा हौद, बदामी हौद, नाना हौद, सदाशिव हौद अशी आणखी कितीतरी नावं आहेत. १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण झालं, पुढे घरोघर नळ आले आणि हौद बुजत, झाकले जात गेले. काही वाड्यांच्या अंगणात झाकणाखाली अजून पाणी आहे म्हणतात, पण ती लोकांची घरं आहेत. दार उघडं दिसलं म्हणून फोन वर धरून आत शिरू नका. बाहेरून हाक मारा, घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. "या की, चपला तिथे काढा," असं उत्तर यायची शक्यताच जास्त.

कसब्यातच तांबट आळी आहे आणि तिचा पत्ता कानानेच लागतो. पाणी गावात आलं की ते भरून ठेवायला भांडी लागणारच: हंडे, घागरी, घंगाळं, बंब. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांनी ती घडवली आणि त्यांच्यातली काही घरं अजून तेच काम करतात. भांड्याचा आकार झाला की त्यावर गुळगुळीत हातोडीने एकसारखे ठोके देत जायचं, याला मठार म्हणतात. त्याने तांब्याला चकाकी येते आणि पत्रा कडक होऊन भांडं मजबूत होतं. "काका, रेघ आखून घेता का आधी?" भाचीने विचारलं. ते हसून म्हणाले, "रेघ कशाला? हात चुकत नाही." ठोक्यांच्या ओळी खरोखरच आखल्यासारख्या होत्या. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि काम चालू असताना फार वेळ बोलण्यात गुंतवू नका. एखादं छोटं भांडं विकत घ्या. त्यांच्याकडूनच घेतलंत तर ज्याने घडवलं त्याच्या हातात पैसे पडतात.

शेवटचा टप्पा नागझरी ओलांडून सोमवार पेठेतला त्रिशुंड गणपती. नागझरी आता ओढा म्हणून ओळखू येणार नाही इतकी वाईट अवस्थेत आहे. पण तिच्याकाठचं हे देऊळ पुण्यातलं सगळ्यात वेगळं देऊळ आहे, हे मी ठामपणे म्हणेन. भीमगीरजी गोसावींनी १७५४ मध्ये काम सुरू केलं, ते १७७० मध्ये पुरं झालं. पुण्यातली बरीचशी पेशवेकालीन देवळं साधी आहेत, इथे मात्र काळ्या दगडाची दर्शनी भिंत शिल्पांनी भरलेली. त्यात साखळदंडाने बांधलेला गेंडा आणि बंदूकधारी गोरे शिपाई आहेत. प्लासीनंतर इंग्रजांनी बंगाल गिळला त्याचं हे चित्र, असं मानतात. आत तीन सोंडांचा, मोरावर बसलेला गणपती, भिंतीवर संस्कृत आणि फारसी शिलालेख. शिल्पं नीट दिसायला उजेड हवा, म्हणून पाचच्या आत पोचा. चतुर्थीला जाऊ नका, रांगेत उभं राहून भिंत बघता येत नाही.

देवळाखाली तळघर आहे, त्यात गोसावींची समाधी, आणि एरवी तिथे पाणी असतं. ते फक्त गुरुपौर्णिमेला दर्शनासाठी उघडतात. ते बघायचंच असेल तर आषाढातली ती तारीख धरून सकाळी लवकर जा.

एवढं सगळं एका दमात नको वाटत असेल तर कात्रज आणि सारसबाग वेगळ्या दिवशी करा. मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरलात तर फडके हौद, शनिवारवाडा, तांबट आळी आणि त्रिशुंड हा भाग तीन-साडेतीन तासांत पायी होतो. स्वारगेट आणि मंडईलाही स्थानकं आहेत, त्यामुळे मधला टप्पाही सोपा झालाय. गणेशोत्सवाचे दहा दिवस टाळा, पेठांत तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. एप्रिल-मेमध्ये दुपार कठीण जाते. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या शेवटापासून पुढे गेलात तर कात्रजची तळी भरलेली असतात आणि चालणंही सुसह्य होतं. पायात जुने बूट घाला, बोळ ओले असतात.