तुम्ही विचारलंत म्हणून : गाव आणि शहर दोन्ही कशाने नांदते?

पुरंदर, पारनेर आणि नगर तालुक्यांच्या कोरडवाहू भागात तीस वर्षे पाणलोट विकासाचे काम केल्यामुळे, पुण्यात कोणाकडे जेवायला गेले तरी एक प्रश्न हमखास माझ्या वाट्याला येतो : ‘गावं आणि शहरं दोन्ही सुखानं नांदायची, आणि पुढच्या पिढीलाही पुरायची, तर नेमकं लागतं काय?’ विचारणाऱ्याच्या मनात बहुधा एक उत्तर आधीच असते. कोणाला झाडे लावायची असतात, कोणाला वाटते की कारखाना आला की सारे मार्गी लागेल, आणि कोणाला गावोगावी एकेक भला सरपंच हवा असतो. या तिन्ही गोष्टी मलाही हव्या आहेत. पण तुम्ही विचारलंत म्हणून माझे उत्तर सांगते : हिशेब लागतो. पाण्याचा, पैशाचा आणि सांडपाण्याचा. आणि तो दप्तरात बांधून न ठेवता चारचौघांत मोठ्याने वाचला गेला पाहिजे.

दसरा झाला की आमच्या गावांमध्ये विहिरी मोजल्या जातात. टेपच्या टोकाला लोखंडी वजन बांधून तो कठड्यावरून आत सोडायचा, वजन पाण्याला टेकल्याचा बारीक आवाज ऐकायचा आणि अंतर वहीत टिपायचे. मग ग्रामसभेत फळ्यावर पावसाळ्याची नोंद मांडायची. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी पडले. हजार हेक्टर शिवाराच्या गावात 450 मिलिमीटर पाऊस झाला तर तेच पाणी 450 कोटी लिटर होते. हा आकडा ऐकून माणसे सुखावतात. त्यानंतर वजाबाकी सुरू होते. उन्हाने उडाले ते गेले, ओढ्याने वाहून नेले ते गेले, मातीने धरले ते खरिपाने संपवले, माणसांचे आणि जनावरांचे वर्षभराचे पिण्याचे पाणी बाजूला काढले, आणि जे उरले त्यात रब्बी बसवायची. शेवटची ओळ लिहून होईपर्यंत सभेत कोणी बोलत नाही.

अशाच एका सभेच्या आधी एका शेतकऱ्याने उसाचे बेणे आणून ठेवले होते. एक एकर उसाला जेवढे पाणी लागते तेवढ्यात हरभऱ्याचे सहा-सात एकर निघतात, हे फळ्यावर होतेच. पण त्याच्या विहिरीच्या खालच्या अंगाला विहीर असलेली एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, ‘दादा, तुमच्या उसाला जाईल ते माझ्या हिरीचं पाणी हाय. तिथं फळ्यावर लिवलंय की.’ भांडण झाले नाही. बेणे त्याने बागायती भागातल्या पाहुण्यांकडे धाडले आणि स्वतः हरभरा आणि शाळू पेरला. मी कितीही समजावले असते तरी जे झाले नसते, ते त्या आकड्याने झाले, कारण तो आकडा दोघांच्याही डोळ्यांदेखत मोजलेला होता.

ही रीत माझी नव्हे. 1972 च्या दुष्काळानंतर पुण्याचे उद्योजक विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला देवस्थानची 40 एकर उजाड जमीन कराराने घेऊन प्रयोग मांडला आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मला आजही थक्क करतात. पाणी जमिनीच्या मापाने द्यायचे नाही, माणशी द्यायचे. माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. उसाला पाणी नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, आणि ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यात वाटा. नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या सरपंचपदाच्या काळात हेच सूत्र सबंध गावासाठी लावले : कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअरवेल घ्यायला मनाई आणि दर वर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद. कामासाठी शहरांकडे गेलेली कुटुंबे तिथे परत आली, हे पुष्कळांना ठाऊक आहे. बंधारे, चर आणि झाडे पाहायला पाहुणे जातात. पर्जन्यमापक आणि ताळेबंदाचा फलक पाहायला थोडेच थांबतात.

फक्त बांधकाम झाले आणि हिशेब झाला नाही, तर काय होते तेही मी पाहिले आहे. एका गावात आम्ही अतिशय देखणी कामे केली : सलग समतल चर, नालाबांध, दोन पाझर तलाव. विहिरींना पाणी वाढले तसे बोअर वाढले, उसाचे फड उभे राहिले, आणि पाचव्या उन्हाळ्यात त्याच गावात टँकर आला. पाणी अडवायची घाई मला होती. ते वाटायचे कसे, हे आधी ठरवून घ्यायला हवे होते. ती चूक माझ्या कामातली होती आणि तिची किंमत टँकरमागे घागरी घेऊन धावणाऱ्या बायकांनी मोजली.

आता शहराकडे येते, कारण प्रश्न दोन्हींचा आहे. माझा भाचा खराडीच्या एका कंपनीत नोकरी करतो. पगाराच्या पावतीवर ‘व्यवसाय कर’ म्हणून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये का कापतात, असे त्याने एकदा मला विचारले. ही कपात आपल्या राज्याच्या इतिहासातली एक थोर गोष्ट आहे आणि ती शाळेत कोणी शिकवत नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून 1965 मध्ये तासगाव तालुक्यात एक लहानसा प्रयोग सुरू झाला : काम मागेल त्याला काम द्यायचे. 1972 च्या दुष्काळाने त्या कल्पनेची सत्त्वपरीक्षा घेतली; 1973 च्या उन्हाळ्यात जवळजवळ 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी, सुकडी आणि खडी फोडून सोललेले हात यांच्या आठवणी सांगणारी माणसे अजून आहेत. त्या वेळी राज्याने ठरवले की गावातल्या मजुराच्या मजुरीचा भार शहरातल्या कमावत्या माणसाने उचलायचा. 1975 मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, जेवढा पैसा करातून येईल तेवढाच राज्याने आपल्या तिजोरीतून घालायचे ठरले, आणि 1977 चा रोजगार हमी कायदा 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. साऱ्या देशाला ग्रामीण रोजगाराचा कायदा मिळाला तो 2005 मध्ये.

त्या पैशाचा पुढचा प्रवास मी जवळून पाहिला आहे. 1990 मध्ये रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली. पुरंदरच्या माळावर जिथे कुसळांखेरीज काही उगवत नव्हते, तिथे मजुरांनी हजेरीपटावर सही करून खड्डे खणले आणि सीताफळे लावली. सीताफळ कमी पाण्यावर तगते, गुरे त्याच्या पाल्याला तोंड लावत नाहीत, आणि फळ पिकायला लागले की फार दिवस थांबत नाही, म्हणून बाजारपेठ जवळ लागते. ती बाजारपेठ म्हणजे पुण्यातले गुलटेकडीचे मार्केट यार्ड. पहाटे सासवडकडून दिवे घाट उतरून येणाऱ्या टेम्पोत क्रेटमध्ये पाला पसरून त्यावर फळे मांडलेली असतात, आणि पुण्यातला नोकरदार संध्याकाळी घरी जाताना ती विकत घेतो. आपण कर भरला, त्यातून खड्डा खणला गेला, त्या खड्ड्यातले झाड आता आपल्याला फळ देते आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. रोजगार हमीची सगळी कामे अशी फळली नाहीत. कितीतरी पाझर तलाव देखभालीअभावी गाळाने भरले. पण शहराच्या मिळकतीचा एक हिस्सा गावच्या मातीत घालण्याची व्यवस्था कायद्याने झाली, म्हणूनच जे झाले ते झाले.

पाण्याच्या बाबतीत मात्र हा व्यवहार एकतर्फी राहिला, आणि त्याचे मला मनापासून दुःख आहे. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा सुमारे 29 टीएमसी, म्हणजे 29 अब्ज घनफूट आहे. त्याच पाण्यावर पुणे जगते आणि त्याच पाण्याची वाट कालव्याच्या टोकाला दौंड-इंदापूरचा शेतकरी पाहतो. शहर वाढले तसे त्या शेतकऱ्याचे आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, अवघड झाले. वापरलेले पाणी शुद्ध करून त्याला परत द्यायचे, असे ठरले; मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी जुन्या बेबी कालव्यात सोडायची योजना आली. योजना उत्तम आहे. पण ते पाणी कोणत्या प्रतीचे येते, हा शेतकऱ्यांचा प्रश्न संपलेला नाही, आणि जे सांडपाणी शुद्ध न होताच मुळा-मुठेत उतरते ते भीमेतून उजनीत जाते. उजनीच्या फुगवट्यावर जलपर्णी पसरलेली मी पाहिली आहे, आणि सोलापूर शहर त्याच धरणाचे पाणी पिते. पुण्याच्या न्हाणीघरातला साबण सोलापूरच्या हंड्यापर्यंत एकाच उताराने जोडलेला आहे. ग्रामसभेतल्या त्या दोन विहिरी जशा जोडलेल्या होत्या, तशाच. त्या बाईला उभे राहून बोलता आले, कारण फळा समोर होता. सोलापूरच्या बाईने कोणत्या सभेत उभे राहावे?

म्हणून पुणेकर म्हणून माझी एक साधी मागणी आहे. मिळकतकराच्या ज्या बिलात पाणीपट्टी येते, त्याच बिलावर तीन आकडे छापावेत : शहराने वर्षात धरणातून किती पाणी घेतले, त्यातले किती शुद्ध करून सोडले, आणि शहराच्या हद्दीबाहेर पडताना नदीच्या पाण्याची प्रत काय होती. ते छापले जाईपर्यंत वाट पाहायची नाही, असे ठरवून गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत जिन्याखाली एक फळा लावला. मीटरवरचे पाणी आणि टँकरचे पाणी यांची बेरीज करून माणशी दिवसाला किती लिटर लागले, ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यावर लिहितो. शहरांसाठी माणशी 135 लिटर हे मान धरले जाते. आमचा पहिला आकडा त्याच्या दीडपट निघाला, आणि फळ्यापुढे आधी कोणी काही बोलेना. मग गच्चीवरच्या टाक्या तपासल्या, तर रात्रभर वाहणारे दोन बॉलकॉक सापडले. एक बदलून झाला आहे. दुसऱ्यासाठी प्लंबर या रविवारी येतो आहे.